गणिताचे अकरा गुण

आमच्या कॉलेजात बारावीला पहिलं यायचं असेल तर डोकं लागत नाही, मासे लागतात, असं मी गेल्या वर्षी स्टाफरूममध्ये बोलून गेले. बोलायला नको होतं, पण माझं तोंड आवरत नाही हे चौलपासून आगरदांड्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. ते वाक्य फिरत फिरत, मुलींच्या शिक्षणाला मदत करणारं इथलं जे मंडळ आहे त्याच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं आणि या मे महिन्यात माझ्याच गळ्यात पडलं.

मी कोकिळा भगत. एकतीस वर्षं इथे ज्युनियर कॉलेजला गणित शिकवते. मासे लागतात म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्याकडे सायन्सच्या मुलांना दुसरी भाषा आणि एक विषय सोडून त्याऐवजी दोनशे गुणांचा मत्स्य विषय घेता येतो. मासे ओळखायचे, खारवायचे, बर्फात टिकवायचे, तळ्यात वाढवायचे. त्यातले शंभर गुण प्रॅक्टिकलचे, आणि प्रॅक्टिकलला आमची माणसं गुण द्यायला हात आखडत नाहीत. दोनशेपैकी एकशे सत्तर म्हणजे तिथे नेहमीचेच. गणित घेतलेली मुलं मात्र साठ-सत्तरपाशी अडकतात आणि एकूण टक्केवारीत मागे पडतात.

टक्केवारीला महत्त्व का, तर मंडळाचं भायखळ्याला मुलींचं वसतिगृह आहे. तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजला दरवर्षी एक जागा मिळते. तीन वर्षं राहणं-जेवण मंडळाकडे. नियम एकच, बारावी सायन्सला जी मुलगी पहिली तिला जागा. गेली सहा वर्षं ती जागा मत्स्य विषयवालीलाच गेली होती. गणिताच्या मुलींचे पालक कुरकुरत होते, आणि त्यांच्या वतीने सगळ्यांत मोठ्याने मी कुरकुरत होते.

अध्यक्ष धर्माजी घरत मुंबईच्या गोदीत नोकरी करून निवृत्त झाले आणि आता गावी भात लावतात. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं.

“कोकिळा बाय, तुमी म्हनता ना मासे लागतात? मंग तुमीच हिशोब काढा. कंचा विषय कठीन, कंचा सोपा, आकड्यात दावा. पटला तर या वर्षीपासून तसाच करू.”

मला काय, हेच हवं होतं.

माझ्याकडे प्रत्येक वर्षाच्या निकालाची वही आहे. कोरोनाच्या साली परीक्षाच झाली नाही, ते सोडून मागची दहा वर्षं घ्यायची ठरवली. रीत साधी होती. एका मुलाचे बाकीच्या विषयांतले सरासरी गुण काढायचे आणि शेजारी त्याचे गणिताचे गुण लिहायचे. मूल तेच, वर्ष तेच, परीक्षा तीच. बाकी विषयांत सरासरी पंचाहत्तर मिळवणारं मूल गणितात चौसष्टवर येत असेल, तर ते अकरा गुण मुलाने घालवलेले नाहीत, विषयाने खाल्लेत. असं वर्षावर्षाला सगळ्या मुलांचं करायचं. आकडा अकराच आला, कधी दहा, कधी बारा, पण फिरून अकरा. मत्स्य विषयात उलट, दोनशेला सोळा गुण फुकटचे. मी तक्ता केला, वर लाल शाईने ‘विषयाची काठिण्यपातळी’ असं लिहिलं आणि दोन दिवस मोठ्या ऐटीत फिरले. आपला विषय कठीण आहे हे सिद्ध झाल्यावर शिक्षकाला जे सुख होतं ते दुसऱ्या कोणाला कळायचं नाही.

या वर्षी जागेसाठी दोघीच होत्या. मृणाल चौलची, नारळ-पोफळीच्या वाडीतली. तिला मत्स्य विषय धरून सहाशेपैकी पाचशे सोळा. अक्सा आगरदांड्याची. तिला चारशे त्र्याण्णव. बाकी पाचही विषयांत अक्साला त्र्याऐंशीच्या वर होते आणि गणितात सत्तर. माझी रीत लावली की मृणालचे सोळा वजा होऊन पाचशे राहत होते आणि अक्साचे अकरा वाढून पाचशे चार होत होते. म्हणजे जागा अक्साला.

आणि अक्साला ती हवीच होती. तिचे वडील कुवेतला, घरी आई फरिदा आणि दोन लहान बहिणी. फरिदा मला निकालाच्या दिवशी कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटली होती. “हॉस्टेल मिळालं तर भेजीन, मॅडम,” ती म्हणाली होती. “नाहीतर कुनाच्या घरी पोरीला ठेवायची न्हाय मला. मग बस झालं शिक्षण.” मृणालला ठाण्यात सख्खी मावशी होती. तिचं शिक्षण अडणार नव्हतं. मृणालचं वाईट व्हावं असं मला मुळीच वाटत नव्हतं, पण अक्सा माझ्या वर्गातली होती आणि पोरगी हुशार होती.

पहिली बैठक कॉलेजच्या वाचनालयात झाली. धर्माजी, प्राचार्य, मंडळाच्या चिटणीस हेतल शाह आणि मी. हेतलचं रेवदंड्याच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. मी तक्ता मांडला आणि दहा मिनिटं बोलले.

धर्माजींना मत्स्य विषयाचं पटेना. “आमच्या पोरांना मासा उपजत कलतो, त्यांना सोपा हाय, ह्ये बराबर,” ते म्हणाले. “पन ती वाडीतली पोर? तिच्या घरात कदी सुकट शिजली न्हाय. पयल्या महिन्यात प्रॅक्टिकलला वकली व्हती ती, माझ्या नातीनं सांगितला. तिला कुठं सोपा?”

“एकेकीचं वेगळं धरायला गेलो तर हिशोबच होणार नाही,” मी म्हटलं. “सरासरी घ्यावी लागते.”

त्यांनी तक्ता हेतलकडे सरकवला. ती त्यावर बोट फिरवू लागली.

“मॅडम, दहा साल बोलला होतात. इथे आठच आहेत. एकोणीस आणि वीस नाही दिसत.”

“ती दोन वर्षं मी प्रभारी प्राचार्य होते,” मी म्हटलं. “बारावीचं गणित नदीमकडे होतं, तासिकेवर. कायम शिक्षकच नव्हता, मग ती वर्षं धरायची कशी?”

“पण परीक्षा तर झाली ना? गुण तर मिळाले ना पोरांना?”

मला राग आला. वह्या विकणाऱ्या बाईने मला सरासरी शिकवावी याचा आला. मी काहीतरी टाकून बोलले असणार, कारण प्राचार्यांनी घाईघाईने चहा मागवला. धर्माजींनी निकाल दिला. दोन्ही वर्षं घालून तक्ता परत आणा, गुरुवारी बसू.

खरं सांगायचं तर ती दोन वर्षं मी लपवली नव्हती. आमच्याकडे तासिकेवरच्या मास्तराचं काहीच धरत नाहीत. त्याचं नाव हजेरीपटावर शेवटी, वार्षिक फोटोत तो कडेला, स्टाफरूममध्ये त्याला कपाट नाही. त्याने शिकवलेली वर्षं म्हणजे विषयाची आबाळ झालेली वर्षं, असं सगळेच मानतात. मीही तेच मानलं आणि वहीची ती पानं न उघडता पुढे गेले.

त्या संध्याकाळी ती उघडली. एकोणीस सालचा फरक आला दीड. वीस सालचा आला अर्धा. मी बेरीज तीनदा तपासली. बाकी विषयांत पंचाहत्तर मिळवणारी मुलं गणितातही चौऱ्याहत्तर मिळवत होती. नदीमच्या दोन वर्षांत गणिताने कोणाचे गुण खाल्लेच नव्हते.

पहिल्यांदा मी पेपर सोपा असेल असं धरलं. मग महाडच्या एका मैत्रिणीला फोन केला. तीही गणिताचीच. तिच्याकडे त्या दोन वर्षांचेच नाही, सगळ्या वर्षांचे आकडे होते. “आमच्याकडे दोन गुणांचा फरक पडतो, फार तर तीन,” ती म्हणाली. “का गं?” तिनेच विचारलं. “सहज,” मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. पेपर सगळीकडे एकच असतो. पुस्तक एकच. मग महाडला दोन, नदीमकडे एक आणि माझ्याकडे अकरा, याचा अर्थ लावायला गणितात पदवी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी नदीमला संगणक कक्षात गाठलं. नदीम माझाच विद्यार्थी, मुरुडकडचा. आता पस्तिशीचा आहे, अजून तासिकेवरच. अकरावीचं गणित घेतो आणि संगणक सांभाळतो.

“तू बारावीला शिकवत होतास तेव्हा काय करायचास रे?” मी विचारलं.

तो घाबरला. काही तक्रार आली असं त्याला वाटलं. “काही वेगळं नाही, मॅडम. पुस्तकातलंच.”

“तरी?”

“मुलं विचारायची, मी परत सांगायचो. नाही कळलं तर परत.”

“कितीदा?”

“मोजलं नाही, मॅडम.”

मी माझ्या वर्गात एकदा सांगते. नीट सांगते, फळा भरून सांगते, पण एकदा. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला मी फळ्याजवळ बोलावते आणि तेच उदाहरण सगळ्यांसमोर सोडवायला लावते. लक्ष कुठे होतं ते कळावं म्हणून. जुलैत चार-पाच जण विचारतात. ऑगस्टनंतर कोणी विचारत नाही. एकतीस वर्षं मी समजत आले की ऑगस्टपर्यंत त्यांना कळायला लागतं.

“तुला किती होते बारावीला गणितात?” निघता निघता मी नदीमला विचारलं.

“एकसष्ट.”

“आणि बाकी विषयांत?”

“ऐंशीच्या आसपास,” तो म्हणाला आणि की-बोर्ड पुसायला लागला.

मला त्याचा राग आला, हेही सांगून टाकते. आपल्या हाताखालून गेलेल्या मुलाने आपल्याला न सांगता आपल्यापेक्षा चांगलं शिकवावं, याचा राग. तो घरी जाईपर्यंत टिकला. मग नुसती लाज उरली.

तरीही मी बैठकीला जाताना खरं सांगायचं ठरवलं नव्हतं. उलट, मला पळवाट सापडली होती. आठ वर्षांचे अकरा आणि दोन वर्षांचा एक, दहा वर्षांची सरासरी काढली की नऊ येत होते. अक्साला नऊ दिले तरी पाचशे दोन होत होते, मृणालचे पाचशेच. जागा अक्साला मिळत होती, हेतलचं समाधान होत होतं आणि माझी झाकली मूठ झाकलेलीच राहत होती. मी नवा तक्ता केला. त्यात वर्षवार आकडे दिलेच नाहीत, फक्त शेवटचा नऊ लिहिला.

गुरुवारी धर्माजींनी तो वाचून मान डोलावली. “नऊ तर नऊ,” ते म्हणाले. “लिवा मग, जागा आगरदांड्याच्या पोरीला.”

“एक मिनिट, काका,” हेतल म्हणाली. तिने पिशवीतून एक कागद काढला. तिची नणंद अलिबागकडे शिक्षिका होती. तिने तिथल्या दोन कॉलेजांचे पाच वर्षांचे आकडे माझ्याच रीतीने काढून पाठवले होते. दोन्हीकडे गणिताचा फरक दोन गुणांचा. “मॅडमची पद्धत मला पटली म्हणून मी लावून बघितली,” ती म्हणाली. त्यात खोच नव्हती, ती खरंच पटल्यासारखं बोलत होती. “पण मग गणित कठीण कुठे आहे? बाजूच्या कॉलेजला नाही, आपल्याकडे आहे, असं कसं?”

“म्हंजे आपली पोरं कच्ची,” धर्माजी म्हणाले. “पोरं कच्ची म्हनून गुन वाढवून द्यायचं व्हय? ह्ये काय बराबर न्हाय. विषय कठीन असता तर गोष्ट येगली. मंग दोनच गुन धरा.”

प्राचार्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. दोन गुण धरून अक्साचे चारशे पंच्याण्णव. मृणालचे पाचशे. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि इतिवृत्ताच्या वहीत तारीख लिहिली.

मी पाहत होते. गप्प बसले असते तर कोणी मला काही विचारणार नव्हतं. मंडळाच्या वहीत मृणालचं नाव लिहिलं गेलं असतं, आमची पोरं कच्ची ठरली असती आणि मी पुढच्या वर्षी सत्कार, शाल, श्रीफळ घेऊन निवृत्त झाले असते. फरिदाने पोरीला घरी बसवलं असतं.

“पोरं कच्ची नाहीत,” मी म्हटलं. “हीच पोरं फिजिक्सला शहाऐंशी मिळवतात. कच्ची पोरं फिजिक्सला शहाऐंशी मिळवत नाहीत.”

“मंग?”

“नदीमच्या दोन वर्षांत फरक एकाचा होता. माझ्या आठ वर्षांत अकराचा. मी ते तुमच्यापुढे एकत्र करून आणलं, कारण मला ते वेगळं दाखवायचं नव्हतं.” मी नवा तक्ता उलटा करून ठेवला. “विषय कठीण नाही, घरतकाका. माझ्या हाताखाली तो कठीण होतो. अक्साला दुसरा वर्ग नव्हता. क्लास अलिबागला, जाऊन-येऊन तीन तास, तिला कोण पाठवणार? तिचे अकरा गुण माझ्या वर्गात गेलेत. ते तिला द्या.”

 प्राचार्य म्हणाले, “मॅडम, असं काही नसतं, बऱ्याच गोष्टी असतात…” आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. हेतलने तिचा कागद घडी करून परत पिशवीत ठेवला. तिचा चेहरा पडला होता. तिला हे काढायचं नव्हतं.

धर्माजींनी इतिवृत्ताच्या वहीवर बोट ठेवलं. “बाय, ह्ये वहीत लिवायला लागंल,” ते म्हणाले. “कारन न लिवता गुन देता यायचं न्हाईत. उद्या मृनालचा बाप इचारील.”

“लिहा,” मी म्हटलं.

“काय लिहू?” प्राचार्यांनी विचारलं.

मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. गणित विषयाच्या शिक्षिका श्रीमती कोकिळा भगत यांच्या अध्यापनामुळे विद्यार्थिनीचे सरासरी अकरा गुणांचे नुकसान झाल्याचे त्यांनी स्वतः मान्य केल्यावरून. एवढं झाल्यावर मी म्हटलं, आणि जूनपासून बारावीचं गणित नदीमला द्या. तासिकेवरच्या माणसाला बारावी देता येत नाही, असं प्राचार्य म्हणाले. मी म्हटलं, दोन वर्षं दिली होती ना. तेही त्यांनी लिहिलं. मी सही केली.

अक्साला जागा मिळाली. मृणालचे वडील येऊन वहीचं ते पान वाचून गेले. मृणाल ठाण्याला मावशीकडे राहणार असं कळलं. त्या पोरीचा यात काही दोष नव्हता, आणि तिची जागा माझ्यामुळे गेली हे मी विसरणार नाही. गावात बोलायचं ते बोलून झालं. दोन माजी विद्यार्थी रस्त्यात भेटून हसले. त्यातल्या एकाने, “मॅडम, माझेपण अकरा परत द्या,” असं म्हटलं. मीही हसले, दुसरं काय करणार.

चार दिवसांनी अक्सा वसतिगृहाचा फॉर्म घेऊन स्टाफरूममध्ये आली. शिफारशीला वर्गशिक्षकाची सही लागते आणि तिची वर्गशिक्षिका मीच. ती टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. मी तिला बस म्हटलं, तर ती खुर्चीच्या कडेला बसली. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर एखादा विद्यार्थी नीट टेकून बसल्याचं मला आठवेना.

फॉर्मवर अभ्यासक्रमाच्या रकान्यात बी.एस्सी. प्राणिशास्त्र असं लिहिलेलं होतं.

“इंजिनीअरिंग नाही?” मी विचारलं. “सीईटी दिली असशील ना?”

“बायोलॉजीची दिली. मॅथ्सचा ग्रुप भरलाच नाही.”

“का?”

तिने खांदे उडवले. “अब्बा बोलत होते भर म्हणून. मीच नको म्हटलं. मला वाटायचं, माझंच डोकं नाही चालत त्यात.” मग हळूच, “दोन वर्षं वाटत होतं, मॅडम.”

वहीत लिहिलेलं वाक्य मी शांतपणे सांगितलं होतं. हे मात्र ऐकवेना. अकरा गुण मंडळाने परत दिले होते, पण हे कुठल्या तक्त्यात धरायचं?

“माझं चुकलं, अक्सा,” मी म्हटलं. असं मी कुठल्याही विद्यार्थ्याला याआधी म्हटलेलं नाही. डोळे भरून आले, ते तिने पाहिलं आणि फॉर्मकडे बघायला लागली.

मी नाक पुसलं. “बी.एस्सी.ला गणितही घेता येतं,” मी म्हटलं. “कॉलेजचा अर्ज बदलायला अजून आठ दिवस आहेत. तुझं डोकं चालतं. फिजिक्सला शहाऐंशी काही मासे मोजून पडत नाहीत.”

ती हसली नाही. फॉर्म स्वतःकडे ओढून तिने अभ्यासक्रमाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“मॅडम,” तिने विचारलं. त्यात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “तिथे गणित शिकवायला दुसरं कोणी असेल ना?”

“असेल,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पेन मागितलं.